नवशिक्याचे व्हायोलिन

गेली दोन वर्षे रविवारच्या दुपारी आमच्या बिऱ्हाडावरून जे विद्यार्थी गेले असतील, त्यांनी आम्हाला ओसरीवर मांडी घालून लाकूड तासताना पाहिले असेल. मराठी आणि इतिहास शिकविणाऱ्या शिक्षकाने हा कोणता उद्योग आरंभिला, असे पुष्कळांना वाटले. काहींनी धीर करून विचारलेही. वार्षिकाच्या निमित्ताने त्या प्रश्नाचे उत्तर द्यावे, आणि व्हायोलिन कसे घडते याची थोडी माहितीही सांगावी, असा या लेखाचा हेतू आहे. आम्ही या विद्येतले जाणकार नव्हे. या क्षेत्रात आम्ही पहिल्या इयत्तेतले, आणि त्या इयत्तेतही फारसे हुशार नसलेले विद्यार्थी आहोत. तेव्हा हा लेख एका विद्यार्थ्याने इतर विद्यार्थ्यांसाठी लिहिला आहे, असे समजावे.

आमचे मूळ गाव गोव्यात. तेथे चर्चच्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकविले जाई. मांडो गाताना घुमटाच्या जोडीला व्हायोलिन असावयाचेच. आमच्या कोकणीत त्याला रेबेक म्हणतात. मुंबईच्या चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत गोमंतकीय वादकांनी जे नाव मिळविले, त्याचा पाया या गावच्या शाळांतच घातला गेला. आमच्या शेजारच्या वाड्यावरील एका वृद्ध वादकाने आपले व्हायोलिन अखेरच्या दिवसांत आमच्या हवाली केले. आम्हाला ते वाजविता येत नव्हते. परंतु नाही म्हणवले नाही. पुढे नोकरीनिमित्त बेळगावला आलो, तेव्हा ती पेटीही बरोबर आली आणि कपाटावर पडून राहिली.

एका आषाढात सहज पेटी उघडली, तो व्हायोलिनची वरची फळी बाजूपासून वीतभर सुटून आलेली! एका विश्वासाच्या ठेवीचा आपल्या हातून नाश झाला, या जाणिवेने आम्ही अस्वस्थ झालो. पुढच्याच सुटीत आगगाडीने मिरज गाठली. मिरजेचे तंबोरे आणि सतारी सर्व हिंदुस्थानात जातात. तेथे कोणीतरी जाणता भेटेल अशी आशा होती. एका वयस्क कारागिराने ती फट बोटाने चाचपली आणि ते हसून म्हणाले, “मास्तर, हे मोडलेले नाही; सुटलेले आहे. मोडणे वेगळे आणि सुटणे वेगळे.” त्या एका वाक्याचा अर्थ पुरता उमगावयास आम्हाला दोन वर्षे लागली. दुरुस्तीस मात्र त्यांनी नकार दिला. “आमचा हात भोपळ्यावर बसलेला. हे जोडावयास सरस आणि धीर एवढेच लागते. दोन्ही असतील तर तुम्हीच जोडा.”

त्या सुटलेल्या फळीतून आम्ही व्हायोलिनचे अंतरंग प्रथमच पाहिले, आणि असे वाद्य एकदा तरी स्वतः घडवून पाहावे, ही इच्छा मनात शिरली.

घराबाहेर पडलेली विद्या

व्हायोलिनचे माहेर म्हणजे उत्तर इटलीतील पो नदीच्या मैदानातले क्रेमोना हे नगर. तेथे सोळाव्या शतकात आंद्रेआ आमाती या कारागिराने व्हायोलिनला जे रूप दिले, तेच थोड्या फेरफारांनी आजवर टिकून आहे. त्याची मुले आणि मग नातू निकोलो अशी ही विद्या एकाच घरात चालत राहिली. १६३० साली त्या प्रदेशात प्लेगची भयंकर साथ आली. तीत निकोलोचे वडील गेले, आणि ही परंपरा जवळजवळ एकट्या निकोलोच्या हातांवर येऊन ठेपली. पुढे त्याने घराबाहेरची मुले शिकाऊ म्हणून ठेवून घेतली. आंद्रेआ ग्वार्नेरी हा त्यांपैकीच एक. आणि त्याच्या घराण्यात पुढे जुझेप्पे ग्वार्नेरी हा थोर कारागीर झाला. ज्याचे नाव सर्वांच्या तोंडी असते तो आंतोनिओ स्त्रादिवारी याच नगरात वाढला. १७३७ साली मृत्यू येईपर्यंत, वयाची नव्वदी उलटल्यावरही, तो वाद्ये घडवीत होता.

इतिहासाचे शिक्षक या नात्याने आम्हाला या हकिकतीत एक गोष्ट फार मोलाची वाटते. निकोलोने दार बंद ठेवले असते, तर ही विद्या कदाचित त्याच्याबरोबरच संपली असती. अनाडी हातांच्या नवशिक्यांना त्याने आपल्या बाकावर जागा दिली, म्हणून ती जगली. पुढे स्त्रादिवारीनंतरच्या काळात क्रेमोनातच तिला उतरती कळा लागली. तेव्हा १९३८ साली तेथे व्हायोलिन घडविण्याची शाळा काढण्यात आली, आणि आज देशोदेशीचे विद्यार्थी तेथे शिकतात. स्त्रादिवारीचे साचे व नमुने तेथील संग्रहालयात जतन केलेले आहेत. २०१२ साली क्रेमोनाच्या या कारागिरीला युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

नवशिक्यांना धीर देणारे आणखी एक उदाहरण इंग्लंडमधले आहे. लंडनच्या एका वकिली कचेरीत काम करणारा एडवर्ड हेरन-ॲलन हा तरुण, फावल्या वेळात जॉर्ज शानो नावाच्या कारागिरापाशी व्हायोलिन घडविण्यास शिकला, आणि १८८४ साली त्याने त्या विषयावर एक मोठा ग्रंथ लिहिला. शेकडो हौशी लोकांनी त्या ग्रंथावरून आपले पहिले व्हायोलिन घडविले. हाच गृहस्थ पुढे फारसीचा अभ्यासक झाला, आणि समुद्रातील सूक्ष्म जीवांच्या अभ्यासाबद्दल १९१९ साली रॉयल सोसायटीचा सदस्यही झाला. नवशिका होण्याची ज्याला लाज वाटत नाही, त्याला किती दारे उघडी असतात पाहा!

धार

मुंबईच्या एका वाद्यविक्रेत्याकरवी आम्ही लाकूड मागविले. वरच्या फळीसाठी स्प्रूस. पाठ, बाजू आणि मान यांसाठी मेपल. स्प्रूस हे देवदारासारखे सूचिपर्णी झाड. त्याचे लाकूड हलके असून तंतूंच्या दिशेने विलक्षण ताठ असते, म्हणून ते कंपनास उत्तम. मेपल त्याहून जड व कठीण. दोन्ही लाकडे काही वर्षे सावलीत वाळलेली असावी लागतात; ओले लाकूड पुढे वाकते. मग रंधा, सरळ आणि गोल पटाश्या, बारीक करवत व कानशी अशी हत्यारे जमविली, आणि ग्रंथ उघडून कामाला बसलो. पटाशी लाकडावर चालेचना! ती लाकूड कापण्याऐवजी ओरबाडू लागली.

आता एक गोष्ट सांगावयास हवी, जी सांगताना आम्हाला संकोच वाटतो. त्या वर्षी नववीत एक विद्यार्थी होता. समास त्याला काही केल्या उलगडत नसे. ऱ्हस्व-दीर्घाचा तर त्याने जणू वसाच घेतला होता. एके दिवशी आमचा तोल सुटला, आणि साऱ्या वर्गासमोर आम्ही त्याला म्हणालो, “तुझ्या हातालाही वळण नाही आणि डोक्यालाही नाही.” वर्ग हसला. तो खाली पाहत उभा राहिला.

हाच मुलगा पुढील रविवारी आमच्या आळीतून चालला होता. वडील सुतारकाम करीत. त्यांचा डबा घेऊन तो निघाला असावा. आमची धडपड पाहून तो फाटकाशी थबकला, आणि बराच वेळ चुळबुळ करून म्हणाला, “सर, तसं नव्हं. आधी पटाशीची पाठ सपाट करायला पाहिजे, बघा.”

त्याने डबा खाली ठेवला आणि धारेच्या दगडावर तेलाचे दोन थेंब टाकले. प्रथम पटाशीची पाठ दगडावर अगदी सपाट धरून आरशासारखी होईपर्यंत घासली. मग उतरती बाजू एकाच कोनात, मनगट न हलविता, पुढे-मागे नेली. काठावर लोखंडाची बारीक लव आली, ती बोटाला जाणवते. ती पाठीकडून हलकेच काढली, आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर पाते चार वेळा ओढले. स्प्रूसच्या तुकड्यावर ती पटाशी चालविताच लाकडाची पातळ कात निघून आली. आम्ही करून पाहिले, जमले नाही. त्याने पुन्हा दाखविले. तरी जमले नाही. त्याने तिसऱ्यांदा दाखविले, आणि त्याच्या चेहऱ्यावर कंटाळ्याची एक रेषाही नव्हती.

“तू शिकताना किती वेळा चुकलास रे?” आम्ही विचारले.

“मोजलं नाही, सर. बाबा म्हणतात, दगड झिजला की येतंय.”

वर्गात एखादी गोष्ट दुसऱ्यांदा विचारली गेली, तर आमच्या कपाळाला आठी पडत असे. ती आठी त्या दुपारी आम्हाला आठवली.

मिरजेच्या वाद्यकारांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे होते. शस्त्रांची मागणी सरली तेव्हा एकोणिसाव्या शतकात त्यांच्यापैकी काहींनी तंबोरे घडविण्यास आरंभ केला, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तलवारीकडून तंबोऱ्याकडे जाणारी ती वाट धारेच्या दगडावरूनच गेली असली पाहिजे, हे आता आम्हाला पटते.

साचा आणि फासळ्या

व्हायोलिनचे काम साच्यापासून सुरू होते. व्हायोलिनच्या देहाची लांबी सुमारे ३५५ मिलिमीटर असते. त्या आकृतीचा लाकडी साचा करून त्याला वर-खाली दोन आणि कोपऱ्यांत चार असे सहा ठोकळे बसवितात. या ठोकळ्यांवर मेपलच्या पातळ पट्ट्या चिकटवावयाच्या. त्या व्हायोलिनच्या फासळ्या. त्यांची जाडी जेमतेम १ मिलिमीटर आणि रुंदी ३० मिलिमीटरच्या आसपास. पट्टी किंचित ओली करून तापलेल्या लोखंडी नळीवर हळूहळू वाकवितात. मेपलमधील ज्या सुंदर लहरी आपल्याला मोहवितात, त्या वस्तुतः वळणे घेणारे तंतू असतात. म्हणून पट्टी नेमकी लहरीवर तडकते. आमच्या पहिल्या दोन पट्ट्या कंबरेच्या बाकापाशी तडकल्या. तिसऱ्या वेळी ध्यानात आले की, लाकडाला वाकवावयाचे नसते; ते तापून स्वतः सैल होईपर्यंत थांबावयाचे असते. तो क्षण बोटांना कळतो. त्याआधी लावलेले बळ म्हणजे केवळ घाई.

पोट आणि पाठ

वरची फळी बहुधा एकाच ओंडक्यातून काढलेल्या दोन पाचरी, पुस्तकाची पाने उघडावीत तशा उघडून, जोडून करतात. जोड असा हवा की, दोन्ही कडा एकमेकींवर ठेवून उजेडासमोर धरल्या तरी प्रकाशाची रेघ दिसू नये. या एका जोडासाठी आमचे चार रविवार खर्ची पडले. नंतर बाहेरून घुमट कोरावयाचा. मध्यभागी त्याची उंची सुमारे १५ मिलिमीटर भरते. कडेने एक बारीक खाच खणून तीत काळी-पांढरी-काळी अशी तिपदरी किनार बसवितात. ही किनार शोभेची वाटते. परंतु कडेला पडलेली चीर आत धावू नये, हेही तिचे काम आहे.

मग फळी उलटी करून आतून कोरावयाची. वरच्या फळीची जाडी २॥ ते ३ मिलिमीटर. पाठीची मध्यभागी सुमारे ४॥ मिलिमीटर, आणि कडेकडे कमी होत जाणारी. वरचेवर मोजावे, टिचकी मारून कानाशी धरावे, आणि पुन्हा थोडे खरवडावे. येथेच आमच्या हातून मोठी चूक घडली. डाव्या स्वररंध्राजवळ हाताला लय सापडली आहे अशा आनंदात आम्ही खरवडत राहिलो, आणि मोजून पाहतो तो जाडी १.८ मिलिमीटर! काढलेले लाकूड परत लावता येत नाही. ती फळी फेकून द्यावी असे मनात आले. मिरजेच्या त्या वृद्ध कारागिरांना दाखविली, तेव्हा ते म्हणाले, “फेकू नका. पुरे करा. अर्धवट टाकलेल्या कामातून चूकही अर्धीच कळते.”

सरस

त्याच सुमारास तो मुलगा शाळेत येईनासा झाला. एक आठवडा गेला, दुसरा गेला. आम्ही त्याच्या घरी गेलो. वडील दरवाजाची चौकट जोडीत होते. “गुरुजी, तो आता माझ्याच हाताखाली येतो म्हणतोय,” ते म्हणाले. “म्हणतो, आपल्याला अक्षरं येत नाहीत.”

आम्ही काय उत्तर देणार? शेवटी एवढेच म्हणालो, “मिस्त्री, आम्हालाही पटाशी येत नव्हती. तुमच्या मुलाने तीनदा दाखविले. आम्ही त्याला एकदाच दाखवून रागावलो. चूक आमची आहे.” हे वाक्य त्या मुलानेही ऐकावे म्हणून आम्ही ते जरा मोठ्याने म्हणालो.

घरी येऊन सरस भिजत घातला. व्हायोलिन आजही जनावरांच्या चामड्यापासून केलेल्या सरसानेच जोडतात. तो रात्रभर पाण्यात भिजवून दुसऱ्या दिवशी गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात, सुमारे ६० अंश सेल्सिअसवर, विरघळवितात. थेट विस्तवावर ठेवला तर त्याचे बळ जाते. याहून घट्ट धरणारी कितीतरी रसायने आज बाजारात आहेत. मग सरसच का? कारण तो प्रसंगी सुटतो. पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते. त्या ओढाताणीत कोणी तरी माघार घ्यावी लागते. जोड सुटला नाही, तर फळी चिरते. म्हणून वरच्या फळीच्या कडेला कारागीर मुद्दाम पातळ सरस लावतात. सुटलेला जोड गरम सरसाने पुन्हा बसविता येतो. चिरलेली फळी मात्र पूर्वीसारखी होत नाही.

“मोडणे वेगळे आणि सुटणे वेगळे” याचा अर्थ आम्हाला त्या रात्री कळला. आमच्या शिस्तीला सुटणे ठाऊक नव्हते, आणि म्हणून एक मूल चिरण्याच्या बेतास आले होते.

पुढल्या सोमवारी तो मुलगा वर्गात आला. त्या रविवारी त्याच्याच मदतीने आम्ही फळी चिकटविली. तत्पूर्वी, प्रत्येक व्हायोलिनच्या पोटात असते तशी एक चिठ्ठी आत लावावयाची होती. ती आम्ही त्याला लिहावयास सांगितली.

आत्मा आणि पहिला स्वर

मान, तिच्या टोकाची शंखासारखी गुंडाळी, आबनुसाची बोटपट्टी, खुंट्या, आणि अनेक पातळ थरांत दिलेले रोगण, यांना आणखी एक वर्ष गेले. कुशल कारागिराला एका वाद्यास दोनशे तासांच्या आसपास पुरतात. आम्ही तास मोजणे केव्हाच सोडून दिले होते.

व्हायोलिनच्या आत दोन गोष्टी दडलेल्या असतात. वरच्या फळीच्या आतून, जाड तारेच्या बाजूला, स्प्रूसची एक लांब पट्टी चिकटविलेली असते. ती फळीला बळ देते. दुसऱ्या बाजूला, घोडीच्या पायाच्या किंचित मागे, सुमारे ६ मिलिमीटर जाडीची एक छोटी काडी पोट आणि पाठ यांच्यामध्ये उभी असते. तिला सरस लावीत नाहीत. ती केवळ दाबाने उभी राहते. ती अर्धा मिलिमीटर सरकली तरी स्वर बदलतो. इटलीतले कारागीर हिला ‘आनिमा’, म्हणजे आत्मा म्हणतात. नुसत्या तारेला हवा फारशी हलविता येत नाही. गजाने छेडलेल्या तारेचे कंपन घोडीतून फळीला आणि या काडीच्या साहाय्याने पाठीला पोचते, आणि सारा देह मिळून बोलू लागतो.

गेल्या दिवाळीच्या सुटीत तारा चढविल्या. आम्हाला सप्तकापलीकडे वाजविता येत नाही, तेवढेच वाजविले. श्रीधर पार्सेकर, गजाननबुवा जोशी, व्ही. जी. जोग यांच्या हातून निघालेल्या स्वरांची आठवण काढण्याचे धाडस येथे कोणी करू नये! तीन तारा बऱ्या बोलल्या. सर्वांत जाड तार मात्र थोडी पोकळ बोलते, त्या १.८ मिलिमीटरचा संशय येतो. मिरजेच्या कारागिरांनी ऐकून मान डोलविली आणि विचारले, “दुसरे केव्हा सुरू करता?”

विद्यार्थिमित्रहो, तुम्हीही एक लहानसा प्रयोग करून पाहा. सुताराकडून दोन वेगवेगळ्या लाकडांच्या सारख्या मापाच्या, हातभर लांबीच्या पट्ट्या आणा. प्रत्येक पट्टी टोकापासून पाव लांबीच्या किंचित अलीकडे दोन बोटांत सैल धरून मध्यावर टिचकी मारा. एक गाईल, एक मुकी राहील. मग बोटे मध्यावर धरून पाहा. गाणारीही मुकी होईल. कोठे धरावे आणि कोठे मोकळे सोडावे, हे कळणे म्हणजे निम्मी विद्या. लाकडाच्या बाबतीत ती आम्ही थोडीशी शिकलो; वर्गाच्या बाबतीत अजून शिकत आहोत.

ते व्हायोलिन ज्यांना पाहावयाचे असेल, त्यांनी कोणत्याही रविवारी ओसरीवर यावे. धारेचा दगडही तेथेच आहे. डाव्या स्वररंध्रातून आत डोकावले की चिठ्ठी दिसते. तिच्यावर साल आहे, गावाचे नाव आहे, आणि त्याखाली ठळक अक्षरांत ‘पहीले’ असे लिहिले आहे. पहिली वेलांटी हवी तेथे दुसरी पडली आहे, हे आम्ही तेव्हाच पाहिले होते. फळी अजून चिकटवावयाची होती. दुरुस्त करणे सहज शक्य होते. आम्ही ते राहू दिले.